जनहिताची वकिली कॉलेजात शिकवता येते का?

जामीन मंजूर झालेला माणूस तुरुंगातच कसा राहतो, हा प्रश्न मी दरवर्षी पहिल्या तासाला वर्गाला विचारते. वर्ग गोंधळतो. जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, असंच सगळ्यांना वाटत असतं.

मग मी एक हकीकत सांगते. मोबाइल चोरल्याच्या आरोपात पकडलेला बावीस वर्षांचा मुलगा. परजिल्ह्यातला, बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारा. कोर्टाने त्याला पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार या अटीवर जामीन दिला. जातमुचलका म्हणजे 'मी तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर इतके पैसे भरीन' असं आरोपीने स्वतः लिहून देणं. जामीनदार म्हणजे त्याच्यासाठी तीच हमी घेणारा दुसरा माणूस. या दुसऱ्या माणसाला कोर्टात यावं लागतं. सोबत सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नाहीतर पगाराचा दाखला, शिवाय रेशनकार्ड, आधारकार्ड, फोटो. त्या मुलाला आमच्या शहरात ओळखणारा एकच माणूस होता, त्याचा मुकादम. पोलिसांचं नाव ऐकल्यापासून तो फोन उचलत नव्हता. हुकूम फाइलला लागला आणि मुलगा आणखी तीन महिने आतच राहिला.

त्याला वकील मिळाला होता, तोही सरकारी खर्चाने. निकालही त्याच्या बाजूने लागला होता. फक्त हुकूम झाल्यावर पुढे काय झालं, हे बघायला कुणी गेलं नाही.

लॉ सीईटीचे निकाल लागले की घराघरांत एक संवाद सुरू होतो. मुलगी म्हणते, मला सामान्य माणसांसाठी वकिली करायचीय. आईवडील धास्तावतात. समाजसेवा करायची तर नोकरी सांभाळून कर, त्यासाठी वेगळं शिक्षण कशाला, असं कुणीतरी मामा-काका सांगतो. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि एका विधी महाविद्यालयात शिकवते. माझं म्हणणं असं, की या कामाला चांगल्या मनाइतकंच कसब लागतं. ते कसब शिकवता येतं, आणि आपण ते नीट शिकवत नाही.

जनहिताची वकिली आणि जनहित याचिका

हे दोन शब्द एकच समजले जातात, म्हणून आधी ते सुटे करू. जनहित याचिका म्हणजे ज्यांना स्वतः कोर्टात येणं शक्य नाही अशा लोकांसाठी दुसऱ्या कुणीतरी उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज. जनहिताची वकिली त्याहून कितीतरी मोठी आहे. कच्च्या कैद्याचा, म्हणजे खटला संपायच्या आधीच तुरुंगात असलेल्या माणसाचा जामीन, मजुराची थकलेली मजुरी, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईची पोटगी, वनहक्काचा दावा, अपंगाचा दाखला, झोपडपट्टीला आलेली नोटीस हे सगळं त्यात येतं.

घरातला नळ गळतो तेव्हा आपण प्लंबर बोलावतो. गल्लीतल्या सगळ्याच घरांत गढूळ पाणी यायला लागलं तर प्लंबर काय करणार? टाकी तपासावी लागते. जनहिताच्या वकिलाला दोन्ही कामं यावी लागतात. नळ दुरुस्त करता करता 'अरे, हे टाकीचंच दुखणं दिसतंय' हे ओळखणं ही त्यातली खरी हुशारी.

या वाटेची सुरुवात कशी झाली ते बघण्यासारखं आहे. १९७९ साली बिहारमधल्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांबद्दल वर्तमानपत्रात लेख आले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि हुसैनआरा खातून हे प्रकरण उभं राहिलं. कितीतरी कैदी त्यांच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जितकी शिक्षा होऊ शकली असती, त्याहून जास्त काळ खटल्याशिवाय आत होते.

मुंबईचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असं त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. मग न्यायालयाने काय केलं? निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. आरमैती देसाई यांना तुरुंगात जाऊन बायकांशी बोलायला आणि अहवाल द्यायला सांगितलं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलीस, आणि अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवणं असे आदेश आले. त्या निकालाचा पाया म्हणजे एका पत्रकार बाईने आणि एका समाजकार्याच्या प्राध्यापिकेने तुरुंगात बसून ऐकलेलं बोलणं. कायद्याच्या वर्गात आम्ही निकाल शिकवतो. ते ऐकणं कसं केलं असेल, हे शिकवायचं राहून जातं.

कागदावर काय आहे

कागदावर आपल्याकडे बरंच काही आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-अ आला: पैसा नाही म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, त्यासाठी राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावं. त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये तो लागू झाला. त्यातलं कलम १२ मी विद्यार्थ्यांकडून पाठच करून घेते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती, एवढ्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हे शिकल्यासवरल्या घरांतही माहीत नसतं. १५१०० हा फोन नंबर त्यासाठीच आहे.

याच कायद्याने आणखी एक जबाबदारी टाकली आहे. महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रं उभी राहावीत, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामातून शिकता यावं, हे बघणं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचं काम आहे. बार कौन्सिल म्हणजे वकिली आणि तिचं शिक्षण यांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजात विधी साहाय्य केंद्र हवं. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे.

हे झालं रेशनकार्ड. आता दुकान उघडं असतं का ते बघू.

वर्गात काय होतं

कायद्याच्या पदवीत चार प्रात्यक्षिक विषय असतात: दस्तऐवजांचा मसुदा लिहिणं, वकिलीची नीती, तडजोडीने वाद मिटवणं, आणि अभिरूप न्यायालय, म्हणजे मूट कोर्ट, त्याच्यासोबत कोर्टातल्या कामकाजाचं निरीक्षण. नियम करणाऱ्यांनी विचार चांगला केला होता. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हे विषय जर्नलमध्ये बुडतात. मागच्या वर्षीच्या मुलाची जर्नल आणायची, नाव बदलायचं, उतरवायचं, सही घ्यायची. विधी साहाय्य केंद्राच्या नावाने वर्षातून एकदा गावात शिबिर होतं. स्टेज, हार, बॅनर, तीन भाषणं, चहा. गावकरी ऐकतात आणि घरी जातात. त्यांतल्या एखाद्या बाईने भाषणानंतर हळूच येऊन काही विचारलं, तर तिचं पुढे काय होतं?

मूट कोर्टाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. मुलं त्यातून बोलायला शिकतात, निवाडे शोधायला शिकतात, त्याची किंमत मला आहे. पण मूटमध्ये हकीकत टाइप करून हातात मिळते. अमुक तारखेला अमुक घडलं, दोन्ही बाजूंना ते मान्य, आता कायद्यावर बोला. खऱ्या वकिलीत निम्मी लढाई हकीकतीचीच असते. अशील तारीख सांगत नाही, 'त्या पोळ्याच्या आधी' म्हणतो. कागद भिजलेला असतो. सांगायची लाज वाटते ते तो शेवटी, दारातून परतताना सांगतो. गरीब अशिलाच्या बाबतीत तर हे सगळं दुप्पट, कारण सरकारी टेबलासमोर गप्प बसायची सवय त्याला आयुष्याने लावलेली असते.

'पगार बंद झाला'

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या केंद्रात एक आजी आल्या. हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात कागदांची घडी. समोर तिसऱ्या वर्षाची एक हुशार विद्यार्थिनी बसली होती. आजी म्हणाल्या, "माय, माझा पगार बंद झाला."

विद्यार्थिनीने लगेच लिहायला घेतलं. कुठे कामाला होता? किती वर्षं? मालकाचं नाव? आजी बावचळल्या. मग म्हणाल्या, "कामाला कुठं असन मी? लेक बघत नाही म्हणून तर पगार होता." आता हिला दुसरा कायदा आठवला. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा; प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. कलमं तिला तोंडपाठ होती आणि तिने सांगितलेला प्रत्येक शब्द बरोबर होता. आजी घाबरून उठायलाच लागल्या. "पोरावर केस नको गं बाई."

मी शेजारच्या टेबलावर होते. मध्ये पडायचा मोह आवरला आणि तिला एवढंच म्हटलं, पेन खाली ठेव आणि आजींना पिशवी उघडायला सांग.

पिशवीत रेशनकार्ड होतं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता, दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या आणि तळाशी बँकेचं पासबुक. पासबुकात दर महिन्याला दीड हजार जमा होत होते आणि मार्चनंतर नोंद नव्हती. आमच्याकडे खेड्यात श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाला सगळे 'पगार'च म्हणतात. विद्यार्थिनी शहरातली, तिला हे माहीत असायचं कारण नव्हतं. हयातीचा दाखला वेळेत गेला नव्हता, म्हणून पैसे थांबले होते. कोर्टाचं यात काहीच काम नव्हतं. विद्यार्थिनी आजींसोबत तहसील कार्यालयात दोनदा गेली. पहिल्या खेपेला संबंधित कारकून रजेवर होते. दुसऱ्या खेपेला कागद जमा झाला आणि तिने पोच घेतली.

दुसऱ्या खेपेच्या वेळी तिने मला विचारलं, "मॅडम, रांगेत आजींच्याच गावची आणखी माणसं होती. सगळ्यांचं एकच कारण. मग हे असं एकेक कशाला करायचं?" तिला टाकी दिसली होती. आम्ही गावाची यादी केली, सगळ्यांचा मिळून एक अर्ज तहसीलदारांना दिला आणि दाखले गावातच घ्यावेत अशी विनंती केली. नळ आणि टाकी यांतला फरक मी चार तास शिकवून जे झालं नसतं, ते त्या रांगेत झालं.

ऐकून झाल्यावर

'क्लिनिक' हा शब्द कायद्याच्या शिक्षणाने डॉक्टरांकडून घेतला. वैद्यकीचा विद्यार्थी पुस्तकं वाचतो, आणि वॉर्डात खाटेजवळ उभा राहून मोठ्या डॉक्टरांसमोर रोगी तपासतो. वकिलीचं शिक्षण तसंच व्हावं ही कल्पना आहे. खाटेजवळ नेमकं काय शिकायचं, ते थोडं उलगडते.

पहिलं म्हणजे अशिलाला काय हवं आहे ते विचारणं, आणि आपल्याला जे द्यायला आवडेल ते त्याच्या गळ्यात न मारणं. आजींचं उदाहरण त्याचंच.

दुसरं भाषा. महाराष्ट्रात १९९८ पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. आमच्या मोठमोठ्या विधी विद्यापीठांतून बाहेर पडणारी मुलं इंग्रजीत सुंदर लिहितात, पण साधं मराठी प्रतिज्ञापत्र लिहायला बसली की हात थांबतो. आणि उलट बाजूने, कोर्टातली जुनी मराठी इतकी बोजड, की ज्याच्या नावाने प्रतिज्ञापत्र आहे त्यालाच ते कळत नाही. अंगठा देणाऱ्या माणसाला त्याचाच मजकूर वाचून दाखवायचा, आणि त्याला समजला नाही तर पुन्हा लिहायचा, ही सवय पहिल्या वर्षापासून लागली पाहिजे. माझ्या मते कुठल्याही मूट करंडकापेक्षा ती मोलाची आहे.

तिसरं हिशेब. जनहिताच्या वकिलीत तारखांची बेरीज-वजाबाकी फार महत्त्वाची. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ घ्या. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं. इतरांच्या बाबतीत निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असतील तरी हा लाभ नाही. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे पहिल्या खेपेच्या आरोपीची हद्द एक वर्ष. ही वजाबाकी करून अर्ज करणं तुरुंग अधीक्षकांचं कर्तव्य आहे. पण २०२२ च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत साधारण ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. एवढ्या तारखा तपासायला माणसं लागतात. विद्यार्थी हे काम करू शकतात, आणि त्यासाठी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लागत नाही.

सुरुवातीच्या हकीकतीतल्या मुलासाठीही उत्तर होतं. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामिनाचा हुकूम ईमेलने तुरुंगात पोचवा. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. म्हणजे पाच ओळींच्या अर्जाचं काम. अट बदलून द्या, आरोपी परगावचा आहे, जामीनदार मिळत नाही.

चौथं, एकट्याने काम न करणं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत समाजकार्यकर्त्यांच्या मदतीने कैद्यांसाठी काम करतो आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ए'ने नागपूर आणि येरवड्याच्या तुरुंगांत तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते सोबतीने कामाला लावले. जामीनदार शोधायला मुकादमाच्या दारात जायचं, घरच्यांना फोन करायचा, त्यांची समजूत काढायची, हे वकिलाला शिकवलेलं नसतं. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला ते येतं. दोन्ही कॉलेजं एकाच गावात असली तरी विद्यार्थी एकमेकांना भेटत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

"पण शिकाऊ मुलांच्या हाती गरिबांच्या केसेस द्यायच्या?"

हा आक्षेप रास्त आहे. श्रीमंताला अनुभवी वकील आणि गरिबाला सराव करणारा पोरगा, असं होता कामा नये. अमेरिकेत विद्यार्थ्यांना देखरेखीखाली कोर्टात उभं राहता येतं. आपल्याकडे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे सनदेशिवाय वकिली करता येत नाही, त्यामुळे विद्यार्थी युक्तिवाद करत नाही, वकीलपत्र घेत नाही. तो मुलाखत घेतो, कागद गोळा करतो, मसुदा लिहितो, कार्यालयात खेटे घालतो, निकालानंतर पाठपुरावा करतो. सही आणि जबाबदारी वकिलाची. विधी सेवा प्राधिकरण विद्यार्थ्यांना सनद मिळेपर्यंत पॅरालीगल स्वयंसेवक म्हणूनही नेमू शकतं. म्हणजे लोक आणि वकील यांच्यामधला प्रशिक्षित दुवा.

खरी अडचण देखरेखीची आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. म्हणजे स्वयंपाक शिकवणाऱ्याला चुलीपाशी जायची मुभा नाही. वकिली करणाऱ्याला मात्र दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं. मी तेच करते. म्हणून कॉलेजात नियमित येणारा, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील हवा, आणि त्याला त्या कामाचे नीट पैसे मिळाले पाहिजेत. गोव्यात मिरामारच्या व्ही. एम. साळगावकर विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी वर्षानुवर्षं गावोगावच्या विधी साहाय्य कक्षांत बसून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहून देतात. ठरलेला दिवस, ठरलेली जागा. त्यामुळे लोकांना त्यांची सवय होते. वर्षातून एका शिबिराने ती होत नाही.

"पोट कसं भरायचं?"

पालकांचा हा प्रश्न मला अजिबात क्षुद्र वाटत नाही. माझ्या कितीतरी चांगल्या विद्यार्थ्यांनी याच प्रश्नापायी ही वाट सोडली. पहिली तीन वर्षं सगळ्यात अवघड. सीनियरकडे ज्युनिअर म्हणून राहिलं की महिन्याला पेट्रोलपुरते पैसे, कधी तेही नाहीत. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरांत २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार मासिक मानधनाची शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही. निदान सनदेचा खर्च उतरला. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नोंदणीसाठी कायद्यात आहेत तेवढेच, म्हणजे ७५० रुपये घ्यायचे. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात होते.

नवी आणि चांगली वाट म्हणजे २०२२ ची 'लीगल एड डिफेन्स कौन्सिल' योजना. सोप्या शब्दांत, सरकारी वकिलासारखंच आरोपीच्या बाजूने पूर्णवेळ वकिलांचं कार्यालय. त्यात मुख्य वकिलाला किमान दहा वर्षांचा आणि उपमुख्य वकिलाला सात वर्षांचा अनुभव लागतो, पण सहायकाच्या जागेला शून्य ते तीन वर्षं चालतात. दरमहा ठरलेलं मानधन मिळतं, खासगी केसेस घेता येत नाहीत. कंत्राटी आहे, हा दोष आहेच. तरी नव्या वकिलाला तुरुंगातल्या माणसाची केस पहिल्या दिवसापासून मन लावून लढता यावी, अशी जागा यापूर्वी जवळपास नव्हतीच. त्या जागेसाठी मुलं कॉलेजातच तयार झाली पाहिजेत. त्याखेरीज पॅनेलवरची कामं आहेत, संस्था आहेत, फेलोशिप आहेत, आणि निम्म्या केसेस पैशाच्या, निम्म्या मदतीच्या, अशी जिल्ह्याजिल्ह्यांत शांतपणे चाललेली वकिली आहे.

इंटर्नशिपचं एक सांगायला हवं. मोठ्या शहरात राहायचं, खायचं, आणि फुकट काम करायचं, हे शेतमजुराच्या मुलीला कसं परवडेल? मग ज्यांना हे प्रश्न घरातूनच माहीत आहेत, तीच मुलं मागे पडतात. शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली 'आयडिया' ही संस्था वंचित घरांतल्या मुलांना नामांकित विधी विद्यापीठांपर्यंत पोचवते, हे मोठं काम आहे. कॉलेजंही सोपी गोष्ट करू शकतात. इंटर्नशिपचे आठवडे आपल्याच तालुक्याच्या कोर्टात करू द्यायचे आणि एसटीचं भाडं आणि जेवणाचा खर्च द्यायचा.

"जनहित याचिका म्हणजे प्रसिद्धीचा धंदा झालाय"

काही वेळा झालाय. २०१० मध्ये बलवंतसिंग चौफाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खऱ्या-खोट्या याचिका वेगळ्या करायला निकष घालून दिले. वर्तमानपत्राचं कात्रण जोडून याचिका ठोकणारा आणि सहा महिने वस्तीत हिंडून, माहितीच्या अधिकारात कागद काढून, लोकांच्या सह्या नव्हे तर लोकांचं म्हणणं घेऊन येणारा, यांच्यातला फरक न्यायाधीशाला पहिल्या दहा मिनिटांत दिसतो. तयारी शिकवली तर पहिल्या प्रकारच्या याचिका कमी होतील.

विद्यार्थ्यांना एक अवघड प्रकरण मी मुद्दाम शिकवते. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना महापालिकेने हटवायला घेतलं, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ चा निकाल जगभर शिकवला जातो, कारण जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यात मान्य झालं. मुलं परीक्षेत तेवढंच लिहितात. त्याच निकालात न्यायालयाने फुटपाथवरून हटवायला परवानगीही दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हटलं. तत्त्व जिंकलं आणि ज्यांच्यासाठी लढाई होती त्यांची झोपडी गेली. हे वाचून वर्गात शांतता पसरते. मला ती शांतता हवी असते. अशा दिवशी अशिलाच्या समोर बसून त्याला काय सांगणार, खोटी आशा न लावता त्याच्यासोबत कसं राहणार, हे आधी बोललेलं असलं तर पुढे तरुण वकील मोडत नाहीत.

प्रवेश घेण्याआधी

तुमच्या घरातलं कुणी या वाटेने निघालं असेल तर कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटच्या आकड्यांसोबत विधी साहाय्य केंद्रही दाखवायला सांगा. ते आठवड्यातून कुठल्या दिवशी उघडं असतं, तिथे सनदधारक वकील बसतो का, मराठीत मसुदा लिहायला कोण शिकवतं, जिल्हा प्राधिकरणाशी आणि तुरुंगाशी काही ठरलेलं आहे का, हे विचारा. मग केंद्राचं रजिस्टर मागा. नाव, गाव, तक्रार, तारीख हे रकाने बहुतेक ठिकाणी भरलेले असतात. आमच्या रजिस्टरला आम्ही त्या मुलाच्या जामिनानंतर आणखी एक रकाना आखून घेतला, 'पुढे काय झालं'. आजींच्या नावापुढे त्या विद्यार्थिनीने लिहिलंय: मार्चपासूनची थकबाकी जमा, पासबुक पाहिलं.